यादीतलं नाव

"नाव सांग न वं," गोदाबाईने रामकलीच्या पाठीला हात लावला.

टेबलापलीकडे हर्षा बसली होती. दवाखान्यात सरकारी आरोग्य योजनेचे कागद तीच पाहायची. तिच्या हातातल्या कार्डावर नाव होतं आरती, म्हणजे गोदाबाईच्या सुनेचं. सकाळी आरतीनेच ते कपाटातून काढून रामकलीच्या हातात ठेवलं होतं. अकोल्याला येताना गोदाबाईने एसटीत तीनदा पढवलं होतं. नाव आरती, नवरा नितेश, वय एकतीस.

रामकली मध्य प्रदेशातल्या बैतुलकडची. पाच वर्षांपासून नवऱ्यासोबत गोदाबाईच्या मळ्यात राहायची, झेंडू तोडायची. आता चार सऱ्या तोडल्या की धाप लागून खाली बसायची. हृदयाची झडप अरुंद झाली आहे, फुग्याने उघडावी लागेल, जास्त दिवस थांबू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावात ज्याला विचारलं तो हेच म्हणाला, एमपीवाल्यांना इथं योजना लागू होत नाही.

"ताई, नाव?" हर्षाने पुन्हा विचारलं.

रामकलीने गोदाबाईकडे पाहिलं. मग टेबलाकडे.

"रामकली," ती म्हणाली.

गोदाबाई घाईने पुढे झाली. "अवो, तिले समजत नाई, मॅडम. घाबरली हाय. आरती नाव हाय तिचं."

"नहीं बाई." रामकली थांबली, श्वास घेतला. "मैं अंदर मर गई तो कागज पे आरती भाभी मरेगी. उसके छोटे छोटे बच्चे हैं. मेरे से नहीं होगा."

गोदाबाईच्या मनात हे आलंच नव्हतं. सकाळी कार्ड देताना हसणारी आरती तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिने पदराने तोंड पुसलं.

हर्षाने कार्ड टेबलावर ठेवलं. मागे रांग होती. तिने आवाज खाली आणला.

"काकू, दुसऱ्याच्या कार्डावर उपचार घेणं गुन्हा आहे. तुम्हीही अडकला असतात आणि सूनही."

"माह्यंच चुकलं. तिले काई बोलू नका. मीच पढवून आणलं तिले." गोदाबाईने हात जोडले. "पण मंग म्या काय करू, सांगा. पोरगी डोळ्यांदेखत चालली माह्या."

"यांचं स्वतःचं आधार आहे?"

"हाय. पण ते तिकडलं हाय, एमपीचं. त्याचा इथं काय उपयोग?"

"दाखवा तरी."

रामकलीने पोलक्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. गोदाबाईने तिला बजावलं होतं, ही बाहेर काढू नको. हर्षाने आधारवरचा नंबर संगणकात टाकला, राज्य बदललं, जिल्हा बदलला आणि पडद्याकडे पाहत बसली. तिच्या भुवया जवळ आल्या. तिने पुन्हा काहीतरी टाकलं.

"तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?"

"मंगल."

"आणि गावात रेशन कुठे घेता?"

रामकलीने गावाचं नाव सांगितलं. हर्षाने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे पाहा. घरातल्या सगळ्यांची नावं आहेत आयुष्मान योजनेच्या यादीत. तुमचंही आहे. कार्ड काढलंच नाही कोणी."

"पण ते तिकडलं न?" गोदाबाईने विचारलं.

"आयुष्मानचं कार्ड तिकडचं असलं तरी या दवाखान्यात चालतं, काकू. आत्ता इथंच काढू. अंगठा ठेवा, ताई."

अंगठा उमटेना. दुसरं बोटही उमटेना. पाच वर्षांच्या तोडणीने बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. गोदाबाईने स्वतःच्या पदराने तिची बोटं पुसून पाहिली. तरीही नाही. मग हर्षा खुर्चीवरून उठली, टेबलाला वळसा घालून रामकलीसमोर आली आणि मोबाईल धरला.

"चेहऱ्यावरून होतं का पाहू. इकडे बघा. डोळे मिटू नका."

रामकलीने डोळे मोठे केले. मोबाईलवर हिरवी खूण आली.

"झालं," हर्षा म्हणाली. "आजच भरती व्हा. मंजुरीचं मी पाहते."

रामकली खाली वाकायला गेली. हर्षाने तिला खांद्याला धरून वरच थांबवलं.

"वाकू नका, धाप लागेल. नाव तुमचंच होतं. मी फक्त शोधलं."

गोदाबाईने आरतीचं कार्ड उचलून कनवटीला खोचलं आणि हर्षाच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. रांगेतला एक म्हातारा हसला. हर्षाही हसली आणि त्याचं कार्ड मागू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी झडप उघडली. दुपारी रामकलीला वॉर्डात आणलं. आरती डबा घेऊन आली होती. रामकलीचा नवराही मळ्यातून आला होता, पायांकडच्या स्टुलावर अवघडून बसला होता. रामकलीला गाढ झोप लागली होती.

सिस्टर फेरीवर आली. रामकलीचा हात धरून नाडी पाहिली, पलंगाकडे नजर टाकली.

"मावशी, यांचं डोकं फारच खाली आहे. अजून दोन उशा देऊ का?"

"नको, माय," गोदाबाई हळू आवाजात म्हणाली. "धापेपायी चार महिने कुडाच्या भिंतीले टेकून बसल्या बसल्या झोपली हाय ते. आज आडवी झाली. झोपू द्या."