भूमितीपुरती शांतता

अलिबागला नवं कॉलेज निघालं आणि थळची केसर मॅट्रिकला भूमितीत गचकली. ऑक्टोबरातली परीक्षा हीच शेवटची संधी. पास झाली तर कॉलेज, हुकली तर दिवाळीनंतर लग्न. आठवडा उरला तेव्हा कोळीवाड्याचा पाटील असलेल्या बापाने फर्मान काढलं, "कोणी तोंड उघडायचं न्हाय." वाडा गप्प झाला. म्हावऱ्याचा लिलावसुद्धा बोटांच्या खुणांनी होऊ लागला. केसर मात्र येरझारा घालू लागली. जन्मात न ऐकलेली शांतता कानात वाजायची आणि एकही प्रमेय डोक्यात शिरेना. चौथ्या दिवशी ती शेजारच्या नीराबाईकडे गेली. "मावशे, भांड ना गो कोणाशी तरी." नीराबाईने पदर खोचला. बोंबील वाळवायच्या दोरीवरून समोर राहणाऱ्या तुळशीशी तिचं भांडण फर्मानापासून तुंबलंच होतं. वाडा दणाणला. केसरने पुस्तक उघडलं. बाप काठी घेऊन ओरडत आला. आईने दारातच अडवलं, "गप बसा जरा! पोरीचा अभ्यास चाललाय."