अक्रोडाचा नाद

केंटकीच्या डोंगरातल्या व्हर्जिलला बाहेर बसवून डॉक्टर त्याच्या बायकोशी, लोरीनशीच काय ते बोलले. दुसऱ्याच दिवशी गावचा एकुलता एक सुतार, होबार्ट, त्याच्या गिटारी बघायला आला.

व्हर्जिलची कळी खुलली. "ही महोगनीची, लहान अंगाची, कानात कुजबुजते. ही शिसवी, रुंद, पोटातून बोलते. आणि ही अक्रोडाची, सगळ्यांत गोड!"

"म्हणजे तुला अक्रोडच आवडेल ना, दादा?"

"का रे? माझ्यासाठी बनवतोयस की काय?"

"लोरीनवहिनी म्हणाल्या, लाकूड तुझ्याच पसंतीचं घ्यावं."

"गुणाची बाई! मग अंग जरा ऐसपैस ठेव हो."

 

 

होबार्टने टेप काढली आणि एकाही गिटारीला हात न लावता व्हर्जिलला डोक्यापासून बुटापर्यंत मोजलं.