तिसरा किल्ला

“आधी उजवा पाय, काका. मग डावा वर घ्या. घाई नको,” शिवांगी म्हणाली.

“मला कसली घाई?” घामाघूम झालेले उल्हासराव म्हणाले. “घाई आमच्या चिरंजिवांना आहे.”

चिरंजीव, म्हणजे अतुल, एक पायरी मागे होता. वडील कधीही कोसळतील अशा धास्तीने त्याने दोन्ही हात पुढे धरले होते. मध्येच खिशातला फोन काढायचा, बघायचा, परत ठेवायचा.

शिवांगी ह्यूस्टनमध्येच वाढलेली. वयाने लहान आणि मराठी तोडकंमोडकं, पण माणसांना असे चढ चढवणं हाच तिचा व्यवसाय होता. उल्हासरावांच्या कमरेचा जाड पट्टा तिने मुठीत धरला होता. तिचा नियम एकच. तोल गेला तर सावरीन, पण उचलून नेणार नाही. वर जायचं तर आपल्या पायांनी.

वाटेत तीन किल्ले होते आणि मध्ये उभ्या पायऱ्यांचा चढ. तिसऱ्या किल्ल्याशी पोचले, तर उल्हासराव सगळ्यांबरोबर राहणार. नाही पोचले, तर सोमवारी अतुल त्यांना दुसरीकडे सोडणार. “सोय उत्तम आहे बाबा, चोवीस तास माणसं असतात,” असं त्याने तीनतीनदा सांगून झालं होतं. सोय गेली खड्ड्यात! शोभना वर आणि आपण खाली, हे उल्हासरावांना आता एक दिवससुद्धा सहन होणार नव्हतं.

शोभनाताई, त्यांची बायको, चार पायऱ्या वर उभ्या राहून माहितीपुस्तिका वाचून दाखवत होत्या. “आल्प्सच्या या खिंडीवर पहारा ठेवायला हे किल्ले बांधले गेले. सैनिक हिवाळाभर इथेच...” त्या थांबल्या आणि तेच वाक्य पहिल्यापासून वाचू लागल्या.

“झालं की ते वाचून! पुढे चल.”

“वाचते हो. तुम्ही आधी पायाखाली बघा.”

आल्प्सचं वेड उल्हासरावांचंच. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडसारख्या सपाट गावात सगळी नोकरी झालेली. तिथे चढ म्हणजे फ्लायओव्हर! निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी मे महिन्याची तिकिटं काढली, आणि ऐन वेळी तब्येतीने दगा दिला. तेव्हा हौसेने घेतलेले ट्रेकिंगचे बूट आज पायात होते. बुटांवरून शोभनाताई सकाळी कुरकुरल्या होत्या. मग म्हणाल्या, “बरं, घाला. आजच्या दिवस.”

पहिला किल्ला केव्हाच मागे पडला होता. तपकिरी भिंती, तोफांसाठी ठेवलेली चौकोनी भोकं. दुसरा वळणावर होता. त्याच्या उतारावर कोवळं हिरवंगार गवत उगवलं होतं. तिथे उल्हासराव जरा टेकले. वरून गार वारा येत होता. नात रुही तोवर वर जाऊन, खाली येऊन, परत वर पळाली होती.

“आजोबा, यू आर सो स्लो!”

“अगं, सिंहगड मी चपलांवर चढलोय,” उल्हासराव म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

अतुल त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. “बाबा, इथवर आलात, खूप झालं. आता मागे फिरूया. उगाच रिस्क नको.”

“सोमवारचं ते बुकिंग कॅन्सल केलंस?”

“अजून पोचला नाहीत तुम्ही.” अतुलचा आवाज चिरकला. “मी हौसेने करतोय का हे? मी कामावर असताना पडलात, तर आई एकटी काय करणार? ती तुम्हाला उचलू शकणार आहे का?”

उल्हासराव रेलिंगला धरून उठले. म्हातारा ऐकेल तर शपथ!

उरलेला चढ सगळ्यात वाईट होता. उजवा पाय मुकाट जायचा, डावा मात्र रुसलेल्या पोरासारखा मागे रेंगाळायचा. शेवट अगदी नजरेत आला, आणि बुटाचं टोक पायरीला अडकलं. उल्हासराव पुढे झुकले. पट्टा ताणला गेला. शोभनाताईंच्या हातातली पुस्तिका पडली.

अतुल झेपावला.

“हात लावायचा नाही!” उल्हासराव ओरडले. “मी पडलोय का? नाही ना? मग!”

ते तसेच उभे राहिले. अतुलने फोन काढला, नंबर शोधला आणि अंगठा त्यावर तसाच ठेवला.

शोभनाताईंनी पुस्तिका उचलली नाही. त्या वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “या ना हो वर. किती दिवस एकटीने काढायचे मी?”

उजवा पाय वर गेला. मग, बऱ्याच वेळाने, डावा. मग पुन्हा उजवा.

तिसऱ्या किल्ल्याशी पोचल्यावर उल्हासरावांनी आधारासाठी बुरुजावर हात टेकला. बुरूज फस्सकन आत दबला.

“आजोबा! माय बॉक्स!” रुही किंचाळली. “अजून दिवाळी व्हायचीये!”

उल्हासराव हसत सुटले. हसताना तोंडाची डावी बाजू अजून थोडी मागेच राहत होती. त्यांनी वळून खाली पाहिलं. जिन्याच्या तळाशी, हॉलमध्ये सोफा सरकवून केलेल्या जागेत, मे महिन्यापासून त्यांचा मुक्काम असलेली हॉस्पिटलची कॉट होती.

“अतुल, ती सोमवारी परत पाठव,” ते म्हणाले, आणि शोभनाताईंचा हात धरून आपल्या बेडरूममध्ये गेले.