डेल्मरवरचं गाणं

डेल्मर प्रुइट नशेत नदीत पडला आणि बुडाला, असं रॉइस टॅकेट सगळ्यांना सांगायचा. त्या वेळी सोबत तो एकटाच होता.

टेक्ससमधल्या ज्या बारमध्ये दोघं वर्षानुवर्षं गायले, तिथंच रविवारी दुपारी रॉइसनं दोस्तावर रचलेलं गाणं धरलं. डेल्मरची बायको व्हर्लीन पुढच्याच टेबलाशी बसली होती.

पहिल्या कडव्याला लोकांनी डोळे पुसले. दुसऱ्या कडव्यात रॉइसचा आवाज घोगरा झाला.

"अगं बाई, हा तर डेल्मरचा आवाज!" व्हर्लीनची शेजारीण पुटपुटली.

मग शब्दही बदलले. "मी काठ धरला होता, रॉइस. तू माझी बोटं सोडवलीस."

रॉइसनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं. गाणं थांबलं नाही.

व्हर्लीन उठून स्टेजपाशी गेली.

"घाई करू नकोस, डेल्मर," ती म्हणाली. "सगळं गा."