दारातला टायर

कळंबोलीच्या ट्रकांच्या रस्त्यावरचं वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, पंक्चरचं दुकान हाती आलं आणि स्वराजनं सगळ्यात आधी काय केलं, तर दारात लटकणारा जुना टायर उतरवला.

"आरं, तो टायर बघूनच गाड्या थांबत्यात," आण्णा कळवळले.

"आण्णा, फ्रेममध्ये घाण दिसतो तो. गिऱ्हाईक आता मोबाईलमधनं येतं. टेन्शन घेऊ नका."

मग भिंत निळी झाली, गोल लाइट आला. गॉगल लावून जॅक फिरवणाऱ्या स्वराजच्या रील्स धो धो चालल्या. फॉलोअर पन्नास हजारांवर गेले. दुकानात मात्र हवा भरायला स्कूटरसुद्धा थांबेना. जरा वेळ लागतोच, असं स्वराज स्वतःलाच समजावायचा.

अखेर आज एक ट्रक दारात थांबला. उतरलेला ड्रायव्हर स्वराजला बघून हरखलाच.

"आयला, रीलवाला स्वराज! रोज बघतो भावा तुला. एक सेल्फी होऊन जाऊ दे!"

स्वराजनं गॉगल चढवला, सेल्फी दिला आणि ऐटीत आण्णांकडं बघितलं. बघा, म्हटलं नव्हतं?



"चालू दे तुझं शूटिंग," बसलेल्या चाकाला लाथ मारत ड्रायव्हर म्हणाला, "फक्त एवढं सांग, इथं जवळपास पंक्चरवाला कुठं भेटेल?"