खिडकीवरची वाकडी फुली
गेल्या वर्षी तुफानाचा आठ नंबरचा बावटा लागला, तेव्हा वाऱ्याने काच फुटून उडू नये म्हणून आमच्या ह्यांनी स्टुलावर चढून खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीची फुली मारली. खाली स्टूल धरून मी बोलतच होते, "चाळीस वर्षं होडी सरळ हाकलीत, आणि एक पट्टी सरळ लावता येईना." नव्या वर्षाआधी, थंडीत हे गेले. फुली राहिली. थंडी सरली तशी दमट हवेने भिंतींना पाणी सुटलं, मग उन्हाने काच तापली, पट्टी पिवळी पडून कडांना सुटली. शेजारीण म्हणाली, "अजून काढली नाहीस?" म्हटलं, "तुफान परत यायचंच आहे, दोनदा कोण चढणार?" आज पुन्हा आठचा बावटा लागला. अख्ख्या हाँगकाँगातल्या कचेऱ्या सुटल्या, म्हणून सून दुपारीच घरी आली, ती नवी रुंद पट्टी घेऊनच. "आई, ही जुनी कुजलीय, काढून टाकते." "हात तर लावून बघ," मी म्हटलं. "मग काच फुटू दे?" "फुटू दे. माझी काच आहे."  ती स्टुलावर चढली आणि जुन्या पट्टीवरूनच नवी चिकटवत निघाली. जुनी जिथे वाकडी, तिथे नवीसुद्धा वाकडी. "डोळे फुटले काय गं? सरळ ने." "बाबांची गेलीय तशीच नेतेय, आई. तुम्ही स्टूल धरा." वाऱ्याने काच थरथरायला लागली होती. मी स्टूल धरलं, दोन्ही हातांनी, ह्यांचं धरायचे तसं.