पेट्यांचा मुआयना

वडवणीच्या धोंडीरामाला निजाम सरकारनं मधमाशा पाळायला चार पेट्या दिल्या. माशा महिन्यातच पळाल्या आणि खोपटात टाकलेल्या रिकाम्या पेट्यांत गांधीलमाशांनी बिऱ्हाड थाटलं. त्यांना जाळायला धोंडीराम पेटता पलिता घेऊन निघाला, तर दारात मुआयन्याला, म्हणजे तपासणीला आलेला साहेब! जन्मात मधमाशी न पाहिलेला.

"पेट्यांत माशा नसतील, तर हवालातीत टाकीन."

धोंडीरामानं गुपचूप पलिता विझवला. "हायेत की हुजूर. लई हायेत."

साहेबानं झाकण उचललं आणि बोंबलतच बाहेर आला. ओठ सुजून भज्याएवढा.

"इतक्या माशा! मग मध कुठं आहे?"

 धोंडीरामाची बायको केसरबाई पदराआडून म्हणाली, "आमच्या रानातल्या माशा मध देतेत, हुजूर. ह्या सरकारी हायेत."